डोहाळजेवणाच्या आधीची तयारी

आपल्याकडे बाळंतपणाची तयारी सुरू होते ती बहुधा सातव्या महिन्यात. डोहाळजेवणाची तारीख ठरते, ओटी भरली जाते, मुलगी माहेरी येते आणि मग दुपटी, झबली, कुंची, डिंक आणि अळीव यांची जमवाजमव होते. या सगळ्यामागे मोठी माया आहे आणि ती तशीच राहावी. परंतु बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची पायाभरणी त्याच्या कितीतरी आधी, अनेक घरांत ‘दिवस गेले’ ही बातमी पक्की होण्याच्याच सुमारास, होऊन गेलेली असते. म्हणून ही यादी महिन्यांच्या क्रमाने लिहिताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न समोर ठेवला आहे: आईच्या आणि बाळाच्या शरीरात पुढे कोणता बदल होणार आहे, आणि तो होण्याआधी आपल्या हातून काय झालेले असले पाहिजे?

यादीतील पहिले काम लिहून ठेवण्याचे आहे, आणि ते म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. पाळी नियमित असेल तर त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख निघते. पाळी 10 जूनला आली असेल, तर ती तारीख 17 मार्च येते. हे एकूण 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे होतात, आणि ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा आपल्या भाषेतला जुना हिशेब त्यापासून फार दूर नाही. मात्र मोजणी महिन्यांत केली की घोटाळा होतो, कारण सासू ‘सहावा लागला’ म्हणते तेव्हा सून ‘पाच पूर्ण झाले’ असे सांगत असते. तपासण्या आठवड्यांवर ठरतात, त्यामुळे आठवडेच लक्षात ठेवावेत. तारीख आठवत नसेल किंवा पाळी अनियमित असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी गर्भाचे वय सर्वांत नेमके सांगते, आणि म्हणून अशा स्त्रीने ती मुळीच पुढे ढकलू नये. मूल नेमके ठरल्या तारखेला जन्मते असे क्वचितच घडते. 37 आठवडे पूर्ण झाल्यावर केव्हाही कळा सुरू होऊ शकतात, तेव्हा घरातील सर्व तयारीची शेवटची तारीख 36 वा आठवडा धरावी.

पाळी चुकल्यानंतर साधारण पंधरा दिवसांत, म्हणजे सहाव्या आठवड्याच्या अखेरीस, ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी मिटलेली असते. ती नीट मिटावी यासाठी फॉलिक ॲसिड लागते, आणि ते दररोज 400 मायक्रोग्रॅम या प्रमाणात, शक्य असेल तर मूल हवे असे ठरवल्यापासूनच, घेतलेले बरे. अपस्माराची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे असते, आणि चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे हे ती तशीच घेत राहण्याइतकेच धोक्याचे ठरू शकते. बारा आठवडे पूर्ण होतात तेव्हा बाळ डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत जेमतेम 5 ते 6 सेंटिमीटर असते, पण त्याचे जवळजवळ सर्व अवयव आकाराला आलेले असतात. या काळात आईला काहीच खाववत नाही, वासानेही मळमळते, आणि घरातील वडीलधारी मंडळी बाळ उपाशी राहील म्हणून काळजी करतात. बाळाची अन्नाची गरज तेव्हा अगदी थोडी असते, त्यामुळे जे पचेल ते थोडे थोडे खाल्ले तरी चालते. मळमळ सहसा तिसरा महिना सरता सरता ओसरते. पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, लघवी कमी होऊ लागली असेल आणि वजन उतरत असेल, तर मात्र तिला ‘डोहाळे’ म्हणून घरी ठेवू नये, दवाखान्यात न्यावे.

बारा आठवड्यांच्या आत उपकेंद्रात किंवा दवाखान्यात नाव नोंदवावे आणि माता व बाल संरक्षण कार्ड हाती घ्यावे. हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, रक्तदाब, एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ‘बी’ या तपासण्या तेव्हाच होतात, आणि धनुर्वात-घटसर्पाच्या ‘टीडी’ लसीचा पहिला डोसही तेव्हाच दिला जातो. दुसरा त्यानंतर चार आठवड्यांनी असतो. रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर ही गोष्ट कार्डाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्यावी, कारण आईच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार उभा करू नये म्हणून दिले जाणारे ‘अँटी-डी’ हे इंजेक्शन 28 व्या आठवड्याच्या सुमारास आणि, बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास, जन्मानंतर 72 तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या वेळी शोधाशोध करायला सवड नसते.

चौथ्या महिन्यापासून सुरू होणारा बदल बाहेरून दिसत नाही, आणि तरी माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. बाळाला आणि वारेला रक्तपुरवठा करण्यासाठी आईच्या अंगातील रक्त हळूहळू जवळपास निम्म्याने वाढते, परंतु त्यातला पाण्याचा भाग जितका वाढतो तितक्या तांबड्या पेशी वाढत नाहीत, आणि त्यामुळे रक्त पातळ होऊन हिमोग्लोबिन उतरते. ते 11 च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात, 7 च्या खाली गेले की तो तीव्र समजतात. धाप, थकवा, चक्कर हे सारे ‘दोन जिवांची आहे, व्हायचेच’ म्हणून सोडून दिले जाते. पण प्रसूतीच्या वेळी थोडाफार रक्तस्राव होतोच, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तेवढाही सोसत नाही. यासाठी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी घ्यायची असते, आणि तिच्या जोडीला कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा. या दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर लोह अंगाला नीट लागत नाही, म्हणून त्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. न्याहारीनंतर आणि दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, तर रात्री जेवणानंतर दोन तासांनी, निजताना, लिंबूपाण्याबरोबर लोहाची गोळी, ही वेळ बहुतेक घरांत सहज पाळता येते. गोळीच्या आगेमागे चहा घेऊ नये. गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्याला घाबरून त्या बंद करू नयेत. मळमळ किंवा बद्धकोष्ठ फारच झाला तर गोळी बदलून मिळते, हे आशाताईंना मोकळेपणाने सांगावे. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळीही देतात, ती टाळू नये, कारण पोटातले काही जंत रक्तच पितात.

पाचव्या महिन्यात बाळ सुमारे 300 ग्रॅमचे होते आणि गर्भाशय बेंबीपर्यंत पोहोचू लागते. पहिलटकरणीला 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास बाळ फिरल्याचे प्रथम जाणवते. आधी मूल झालेल्या बाईला ती हालचाल ओळखीची असल्याने थोडी लवकर कळते. याच आठवड्यांत हृदय, मेंदू, मणका आणि मूत्रपिंडे पाहणारी सविस्तर सोनोग्राफी करून घ्यावी, आणि तिची वेळ चुकू देऊ नये, कारण एखादा दोष आढळलाच तर पुढचा विचार करायला कुटुंबाच्या हाती दिवस राहावे लागतात. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि घरातील थोरामोठ्यांनी तो प्रश्न सुनेच्या कानावरही पडू देऊ नये, असे मला मनापासून वाटते. पुढे 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासतात. पूर्वी कधी साखर नव्हती म्हणून ही तपासणी सोडू नये, कारण वारेतील संप्रेरकांमुळे ती याच काळात वाढते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून ती तारीख घरच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावी.

सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते तेव्हा तिच्या बरोबर साड्या, फराळ आणि ओटीचे सामान जाते, आणि फाईल मात्र पुष्कळदा सासरच्या कपाटात राहते. कार्ड, सर्व रिपोर्ट, सोनोग्राफीचे कागद, चालू गोळ्या, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक हे एका पिशवीत घालून तिच्या हाती द्यावे, आणि माहेरी पोहोचल्यावर आठवड्याभरात तिथल्या दवाखान्यात तिचे नाव नोंदवावे. प्रसूतीची वेळ आली म्हणजे पहिल्यांदा दवाखान्याचे तोंड पाहणे टाळायचे असेल, तर हा एकच आठवडा महत्त्वाचा आहे. बीडच्या ऊसतोड कुटुंबांतील बाया याच महिन्यांत फडावर असतात. त्यांच्या बाबतीत कोपीच्या, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीच्या, जवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे टोळी पोहोचल्याबरोबर मुकादमाने आणि नवऱ्याने विचारून ठेवणे हीच तयारी होय.

28 व्या आठवड्यात बाळ साधारण एक किलोचे असते आणि जन्मताना अडीच ते तीन किलोचे. वजनाची खरी वाढ या शेवटच्या तीन महिन्यांत होते, म्हणून उपास बंद, आणि रोजच्या जेवणात एक वाटी वरण-उसळ आणि एक भाकरी अधिक असावी. उताणे झोपले की जड झालेले गर्भाशय मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देते, म्हणून कुशीवर झोपावे. ‘सातव्यात झालेले जगते, आठव्यात झालेले जगत नाही’ ही समजूत अजूनही ऐकू येते आणि ती खरी नाही. फुप्फुसे दर आठवड्याला अधिक पक्व होत जातात, त्यामुळे पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. बाळाची हालचाल कमी झाली, डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडावर आणि हातांवर सूज आली, रक्त किंवा पाणी जाऊ लागले, ताप आला किंवा झटके आले, तर सकाळची वाट पाहू नये. संध्याकाळी पाय थोडे सुजणे नेहमीचे आहे, तोंड सुजणे नेहमीचे नाही; रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

36 वा आठवडा संपेपर्यंत पाच गोष्टींची उत्तरे घरातील प्रत्येकाला तोंडपाठ असावीत: कोणत्या रुग्णालयात जायचे, रात्री गाडी कोणाची, 102 किंवा 108 ला फोन कोण करणार, त्याच रक्तगटाचे कोण रक्त देऊ शकेल, आणि घरातील मोठ्या मुलाला कोण सांभाळणार. गडचिरोली-मेळघाटासारख्या भागांत पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाट बंद होते, म्हणून तारखेच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त, म्हणजे गरोदर बायांसाठीच्या निवासात, जाऊन राहणे शहाणपणाचे आहे. पिशवीत कार्ड, पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, धुऊन उन्हात वाळवलेली चार-पाच सुती दुपटी, टोपडे आणि मोजे एवढे पुरे होते. शेवटच्या आठवड्यांत पोट अधूनमधून कडक होऊन सैल पडते. त्या कळांची लय वाढत नाही आणि चालल्या-फिरल्यावर त्या थांबतात, तर खऱ्या कळा कमी-कमी अंतराने आणि अधिक जोराने येत राहतात. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघावे.

बाळाला मध किंवा गुटी द्यायची नाही, हेही आजीशी आधीच बोलून ठेवावे. पहिल्या तासात छातीशी धरून दिलेले पिवळसर चिकाचे दूध हाच त्याचा पहिला घास. आईच्या लोहाच्या गोळ्या त्यानंतरही सहा महिने चालू राहतात, म्हणून त्या पिशवीतच असू द्याव्यात. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, आणि बारसे व्हायचे असले तरी त्यासाठी थांबावे लागत नाही, कारण बाळाचे नाव पुढे वर्षभरात विनाशुल्क भरता येते.