आधी पान उलटून बघा: बागेतल्या या चुका टाळा

"काका, झाडाला रोग आला. कोणतं औषध मारू?" सोबत फोटो. फोटो सहा फुटांवरून काढलेला. त्यात कुंडी, गॅलरीची जाळी, वाळत घातलेला टॉवेल आणि मागे कुठेतरी झाड. एप्रिल लागला की असे फोटो रोज येतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: काही मारू नका, आधी पान उलटून बघा. मग समोरचा हिरमुसतो. त्याला बाटलीचं नाव हवं असतं.

नागपूरच्या उन्हात वीस-बावीस वर्षं गच्चीवर झाडं करतो आहे. किडीने मेलेली झाडं मी कमी पाहिली, औषधाने मेलेली जास्त. त्यातली पुष्कळशी आजारी नव्हतीच.

कूलरचं पाणी

ही चूक फक्त कूलरवाल्या गावातच होत असेल, आणि आमच्याकडे ती घरोघरी होते.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींकडे जास्वंद, मोगरा, क्रोटन आणि तुळस अशी छान बाग. मे महिना, पारा ४५ च्या आसपास. सगळ्यांची पानं टोकाकडून करपायला लागली. दुकानातून बुरशीनाशक आणलं, आठवड्यात दोनदा मारलं. फरक नाही. मग दुसरं आणलं. मग कोणीतरी "टॉनिक" सुचवलं, तेही ओतलं. मोगरा गेला तेव्हा मला बोलावलं.

पानं उलटून पाहिली. किडा नाही, जाळं नाही, ठिपका नाही. करपलेला भाग फक्त टोकाला आणि कडेने, खालच्या जुन्या पानांवर जास्त. चार वेगळ्या जातींची झाडं एकाच आठवड्यात एकसारखी आजारी पडली की मी रोगाचा विचार सोडतो आणि पाण्याची चौकशी करतो. कुंड्यांच्या काठावर पांढरा थर होताच.

"पाणी कोणतं टाकता?"

"कूलरचं. रोज टाकीत उरलेलं काढून झाडांना टाकून राहिली ना मी. वाया कशाला घालवायचं?"

हेतू चांगला, पण कूलर पाणी उडवतो, पाण्यातले क्षार तिथेच ठेवतो. दिवसभर टाकीत बोअरचं पाणी भरत राहायचं, त्यातलं पाणी वाफ होऊन जाणार आणि क्षार साचत जाणार. कूलरच्या ताट्या (बाजूंना लावलेले गवताचे पडदे) पांढऱ्या आणि कडक होतात त्या यानेच. ते पाणी रोज कुंडीत गेलं की माती खारट होते, मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि जे क्षार आत जातात ते पानांच्या टोकाशी जाऊन साठतात. टोक जळतं. यावर बुरशीनाशक काय करणार? डासांसाठी टाकीत रॉकेल टाकणारे लोक तर तेच पाणी तुळशीलाही घालतात. त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलं आहे.

उपाय फुकटचा आहे, म्हणूनच कोणाला पटत नाही. कुंडी उचलून मोरीत ठेवा आणि नळाचं साधं पाणी सावकाश ओता, खालून वाहून जाईपर्यंत. अर्ध्या तासाने पुन्हा. कुंडीत जेवढं पाणी मावेल त्याच्या तीन-चार पट तरी जाऊ द्या. मग महिनाभर खत बंद. जळलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे रोज त्याच्याकडे बघत बसू नका; नवीन पान कसं येतं ते बघा. वहिनींची जास्वंद जुलैत फुलली. मोगरा नवा आणावा लागला.

मान टाकली म्हणून पाणी

मे महिन्यात दुपारी दोन वाजता जास्वंद मान टाकणारच. आपणही टाकतो. संध्याकाळी सातला बघा. उभी असेल तर तिला काही झालेलं नाही, हिरवी जाळी बांधा आणि गप्प बसा. सकाळीही लोळलेली असेल तर मातीत बोट घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही झाड लोळत असेल तर मुळं कुजताहेत, आणि तुम्ही वरून आणखी पाणी ओतताय.

हे बहुतेक वेळा शेतातली काळी माती कुंडीत भरणाऱ्यांचं होतं. "आमच्या शेतातली कसदार माती आहे भाऊ!" शेतात कसदार असेल. कुंडीत ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळून कडा सोडते, मग पाणी कडेने सरळ खाली. मी एक वाटा काळी माती, एक वाटा शेणखत आणि एक वाटा जाड रेती घेतो. पुस्तकात वेगळं प्रमाण असेल, माझी झाडं यात जगतात.

कडुनिंबाचं तेल, भर दुपारी

तेलाला माझा विरोध नाही, घाईला आहे. पाण्यात सरळ तेल ओतायचं, बाटली चार वेळा हलवायची आणि फवारायचं. तेल वर तरंगतं, आधी नुसतं पाणी निघतं आणि शेवटी निव्वळ तेल. ज्या झाडावर शेवटचा फवारा पडतो ते भाजतं. तेल तरंगायला नको म्हणून भांडी धुण्याचा साबण अर्धी वाटी घालणारेही भेटले आहेत. पान काय कढई आहे?

लिटरभर कोमट पाण्याला ५ मिली तेल आणि १ ते २ मिली द्रव साबण पुरे. आधी तेल आणि साबण एकत्र घोटायचं, मग थोडंथोडं पाणी घालायचं. दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. एका पानावर मारून दोन दिवस थांबायचं. सूर्य बुडाल्यावर, पानाच्या खालून मारायचं, आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं. मे महिन्यात मी तेलाला हातच लावत नाही. त्या दिवसांत त्रास असतो लाल कोळ्यांचा, आणि त्यांना पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पानावर फिकट बारीक टिपके दिसले की खाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर हलणारे ठिपके दिसले तर कोळी. हे कीटक नाहीत, आठ पायांचे आहेत. मावा-तुडतुड्यांची बाटली यांच्यावर चालत नाही. उलट त्यांना खाणारे जीव मरतात आणि कोळी दुप्पट होतात.

जून-जुलैत निंबोळ्या पायाखाली सडतात आणि आपण तेल विकत आणतो. निंबोळ्या सावलीत वाळवून ठेवा. ५० ग्रॅम भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी गाळली, की पाच टक्क्यांचा अर्क तयार.

पांढरं दिसलं की मार

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढला. शेंडे वाकडे, कळ्या गळताहेत, फांदीवर कापसासारखे पुंजके. मी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन रोज घासायचो. दोन आठवड्यांनी एका सकाळी पाहतो तर मोठमोठे पांढरे किडे, आधीच्यापेक्षा दुप्पट मोठे, लांब झालरीचे, आणि फांदीवरून चक्क पळताहेत. मला वाटलं, औषधाला पुरून उरलेली जात आली. डोकं फिरलं. स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक टिपून मारला. चाळीसेक तरी असतील.

तीन आठवड्यांत झाड पांढरं झालं. शेवटी छाटून टाकावं लागलं. पुढे महाराजबागेशेजारच्या कृषी महाविद्यालयातल्या एका जाणकारांना वर्णन सांगितलं तर ते हसायलाच लागले. मी मारलेल्या त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा, डोकं नारिंगी, पंख काळपट. त्याच्या अळ्या पिठ्या ढेकणासारखाच मेणाचा वेष घालून त्याच्यातच वावरतात आणि त्यालाच खातात. माझं काम फुकटात करायला आलेले मजूर मी हातांनी मारले होते.

तेव्हापासून नियम असा: पांढरं दिसलं की काडीने डिवचायचं. जागचं हलत नाही किंवा जेमतेम सरकतं ते ढेकूण. तुरुतुरु पळतं त्याला हात लावायचा नाही.

आणि मुंग्या. ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्यांना हुसकावतात. मुंग्या चढत राहिल्या तर वरचं घासणं व्यर्थ. मी कुंडी विटांवर ठेवतो आणि विटा पाण्याच्या ताटलीत. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत माजलं असेल तर तेही उपटा, हा ढेकूण तिथेही वाढतो. छाटलेले शेंडे कचऱ्याच्या ढिगावर टाकू नका. पिशवीत बांधून दोन दिवस उन्हात ठेवा. नागपूरचं ऊन निदान इथे तरी कामाला येतं.

थोडक्यात बाकीचं

मिरचीची पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर बहुधा कोळी. दोन्हीला "बोकड्या" (पानं आक्रसण्याचा रोग) म्हणून एकच बाटली आणू नका.

कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत हे नेहमीचं. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल असं लोह, द्या.

गुलाबावर भुरी, म्हणजे पानांवर पांढऱ्या पिठासारखी बुरशी, थंडीत येते. पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम लिटरला, तेही थंडीतच. उन्हाळ्यात मारलं तर पान जळेल, आणि तेल मारल्यावर दोन आठवडे तर नकोच.

दूध-साखरेची चहापत्ती कुंडीत टाकली की मुंग्या येतात. गुलाब येत नाहीत.

गोडनिंबावर, म्हणजे कढीपत्त्यावर, पक्ष्याची विष्ठा दिसली तर नीट बघा, फुलपाखराची अळी असेल. मी दोन फांद्या तिला सोडतो. बायकोला हे मान्य नाही, वरणाच्या फोडणीचा प्रश्न आहे.

लिंबू-संत्रा लावणाऱ्यांनी

पानं काजळी फासल्यासारखी काळी झाली की लोक बुरशीनाशक घेतात. काळं दिसतं ती बुरशीच, पण ती चिकट्यावर वाढलेली. चिकटा पाडणारी काळी माशी पानाखाली बसलेली असते. संत्र्याच्या बागा असलेल्या आपल्या भागात "कोळशी" हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे, तरी शहरात आलो की विसरतो. माशीला निंबोळी अर्क, पानं पाण्याने धुवा.

बुंध्यातून डिंक गळत असेल तर मात्र खरंच बुरशी आहे, तीही मातीतली. कलमाचा जोड मातीत गाडलेला असतो किंवा पाणी बुंध्याला टेकून साचतं. जोड उघडा करा. बुंध्याभोवती एक छोटं आळं, बाहेर दुसरं मोठं, आणि पाणी फक्त या दोन्हींच्या मध्ये. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावायची: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. एका झाडासाठी याच हिशेबाने थोडं करा, प्लास्टिकच्या बादलीत; लोखंडाची चालत नाही.

गावाकडची बाटली

"भावाने शेतातून पाठवली, एकदम जहाल आहे." हे ऐकलं की मी तिथून उठतो. २०१७ मध्ये आपल्याच विदर्भातल्या यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. ती कामं रोज करणारी माणसं होती. तुम्ही तेच औषध बाल्कनीत, वाऱ्याच्या तोंडावर, खाली पोरं खेळत असताना, चमच्याने अंदाजे मोजून मारणार? तोच चमचा मग स्वयंपाकघरात जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि नमुना कोणाला दाखवायला नेणार असाल तर ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, तासाभरात पान शिजतं. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, एक आजारी फांदी आणि एक बरी, दोन्ही न्या. पाणी कोणतं घालता ते विचारलं तर खरं सांगा.