कोकणातल्या दमट हवेत सोन्याचे चांद्रस्मृती घड्याळ कसे सांभाळावे

अपोलो ११ मोहिमेच्या स्मरणार्थ ओमेगा कंपनीने १९६९ साली काढलेले सोन्याचे स्पीडमास्टर आमच्या घरी मामांकडून आले. मामांची हयात जहाजावर गेली. निवृत्त होऊन ते रत्नागिरीला परतले, तेव्हा त्यांच्या पेटीत हे घड्याळ होते. सोन्याला गंज चढत नाही, म्हणून सगळ्यांनी ते निर्धास्तपणे कपाटात ठेवून दिले. सोन्याला खरोखरच काही झाले नाही. आतल्या पोलादी भागांवर मात्र दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके आले.

सांभाळण्यासारखे यात काय आहे, हे आधी समजून घ्यावे. या मालिकेची १०१४ घड्याळे निघाली. २५ नोव्हेंबर १९६९ रोजी ह्यूस्टन येथे झालेल्या मेजवानीत त्यांतील काही अंतराळवीरांना भेट देण्यात आली. पहिल्या क्रमांकाचे घड्याळ राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी राखून ठेवले होते, परंतु ते त्यांनी स्वीकारले नाही. केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची पेटी, डायल आणि पट्टा अठरा कॅरट सोन्याचा, म्हणजे हजारात ७५० भाग सोन्याचा आहे, आणि बेझल, म्हणजे काचेभोवतीचे कडे, गडद लाल आहे. मागच्या झाकणावर अपोलो ११, १९६९ हे साल, ‘चंद्रावर घातलेले पहिले घड्याळ’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि त्या घड्याळाचा क्रमांक कोरलेला असतो. माझ्या मते घड्याळाची अर्धी ओळख या कोरीव अक्षरांत आहे, आणि सर्वाधिक धोकाही त्यांनाच आहे.

म्हणून पहिला नियम असा, की ते पॉलिश करू नये. अठरा कॅरट सोने मऊ असते. बफाच्या, म्हणजे चकाकी आणणाऱ्या कापडी, चाकावर दोन मिनिटे धरले, तरी लग्जच्या, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांच्या, धारदार कडा गोल होतात. आमचे घड्याळ एका दुकानात ‘नव्यासारखे चकचकीत’ करून मिळाले. आता झाकणावरून बोट फिरवले, तर क्रमांकाच्या कडेला पूर्वी जाणवणारा खरखरीतपणा लागत नाही, अक्षरे साबणाच्या वडीवरच्या नावासारखी बुळबुळीत झाली आहेत. दुकानदाराचा हेतू चांगला होता, परंतु गेलेले सोने परत येत नाही.

त्याच कारणाने सराफाला कसोटीवर कस लावू देऊ नये. शुद्धतेची शंका असेल, तर जाणकार कारागिराकडून झाकण उघडून आतली शिक्कामोर्तबाची खूण पाहावी. त्या काळच्या स्विस अठरा कॅरट केसवर हेल्वेशियाचे, म्हणजे एका स्त्रीचे, मस्तक उमटवलेले असते. दसऱ्याला दागिने रिठ्याच्या पाण्यात धुण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्या ताटात हे घड्याळ घालू नये. घाम आणि खारी धूळ मऊ सुती फडक्याने पुसावी. पट्ट्याच्या कड्यांत मळ साचला असेल, तर पट्टा घड्याळापासून वेगळा करूनच साफ करून घ्यावा.

काच खरी काच नसून हेसालाइट, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिक आहे. तिच्यावर बारीक ओरखडे लवकर येतात आणि ॲक्रिलिकसाठीच्या पेस्टने जातातही. थिनर किंवा ॲसिटोन मात्र तिला कायमचे अंधुक करू शकते. कपड्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांची वाफही प्लास्टिकला मानवत नाही, त्यामुळे पैठणीशेजारी घड्याळ ठेवण्याचा मोह टाळावा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत खरी परीक्षा असते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भिंतीसुद्धा घामेजतात. अशा वेळी घड्याळ घट्ट झाकणाच्या डब्यात, मऊ कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. निळे दाणे गुलाबी झाले, की त्यांनी ओल शोषली असे समजावे आणि ते कोरडे करून किंवा बदलून पुन्हा ठेवावे. लोखंडी कपाट असले, तरी हा डबा चुकवू नये.

आतले मशीन ८६१ क्रमांकाचे, हाताने चावी भरण्याचे आहे. महिन्यातून एकदा चावी पूर्ण भरून ते चालवावे, कारण वर्षानुवर्षे थांबलेल्या मशीनचे तेल घट्ट होते. चावी हळू फिरवावी, आणि आतून अडल्यासारखे जाणवताच थांबावे. तेथून पुढे जोर लावू नये. पाण्याजवळ बाजूची बटणे दाबू नयेत. जुन्या घड्याळाचे रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी कडी, कडक झालेले असतात, म्हणून गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर मिरवण्यापुरतेसुद्धा ते हातात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काचेच्या आत धुके दिसले, तर उन्हात ठेवू नये आणि तांदळाच्या डब्यातही पुरू नये. चावी भरणे लगेच थांबवावे, घड्याळ सिलिका जेलच्या डब्यात ठेवावे आणि त्याच दिवशी यांत्रिक घड्याळे उघडणाऱ्या कारागिराकडे न्यावे. खारे पाणी आत गेले असेल, तर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. कामाला देताना झाकणावरच्या क्रमांकाचा फोटो काढून घ्यावा आणि पावतीवर ‘पॉलिश करू नये’ असे लिहून घ्यावे.