दूरचित्रवाणीचा बातमीदार व्हायचे असेल तर

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढची कित्येक वर्षे मराठी घरांत बातम्या म्हटल्या की प्रदीप भिडे यांच्यासारख्या वृत्तनिवेदकांचा चेहरा आणि आवाज आठवत असे. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’, म्हणजे आजचे ‘एबीपी माझा’, सुरू झाल्यावर त्या आवाजाच्या जोडीला बाजार समितीत किंवा पूर आलेल्या गावाच्या वेशीवर उभा असलेला बातमीदार रोज दिसू लागला. या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांची नजर अँकरच्या खुर्चीवर असते. परंतु पहिली काही वर्षे बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, हातात घेऊन फिरण्यात घालवावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेतील पत्रकारितेचे शिक्षण उपयोगी पडते, मात्र नोकरीची सुरुवात बहुधा डेस्कवरच, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या लिहिण्यानेच होते. तिथे कानासाठी लिहायला शिकावे. ‘अवकाळी पावसाने झालेल्या नुकसानीचे पंचनामे तातडीने करण्याचे निर्देश जिल्हाधिकाऱ्यांनी दिले असून’ हे वाक्य वर्तमानपत्रात खपून जाते. टीव्हीवर ते संपेपर्यंत प्रेक्षक पहिला शब्द विसरलेला असतो. त्याऐवजी पडद्यावर आडवी झालेली द्राक्षबाग दिसत असताना ‘ही बाग पुढच्या आठवड्यात काढणीला येणार होती’ एवढेच म्हणावे आणि पंचनाम्याची माहिती शेतकऱ्याच्या बाइटनंतर, म्हणजे तो कॅमेऱ्यासमोर बोलल्यानंतर द्यावी. चित्र जे सांगत आहे तेच शब्दांत पुन्हा सांगू नये. यासाठी चित्रीकरण चालू असतानाच कॅमेरामनशी बोलत राहावे, कारण नसलेले दृश्य एडिटिंगच्या टेबलावर तयार करता येत नाही.

खरी परीक्षा लाइव्हमध्ये होते. अँकरचा प्रश्न इअरपीसमध्ये एक-दोन सेकंद उशिरा पोहोचतो, मागे गर्दी असते आणि डेस्कला आकडा हवा असतो. सुरुवातीच्या काळात एका अपघाताच्या ठिकाणाहून मी जमावातल्या माणसाने सांगितलेला मृतांचा आकडा दिला. अर्ध्या तासाने रुग्णालयात गेलो तेव्हा त्यातला एक मुलगा जिवंत होता आणि त्याच्या वडिलांनी माझी बातमी आधीच ऐकली होती. तेव्हापासून मी आकड्यासोबत तो कोणी दिला हे सांगतो, आणि पोलीस किंवा डॉक्टर यांच्याकडून खात्री झाली नसेल तर आकडा अद्याप मिळालेला नाही, असे स्पष्ट म्हणतो.

कायदाही नीट वाचून ठेवावा. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात सुरक्षा दलांची कारवाई थेट दाखवली गेली आणि २०१२ मध्ये कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर त्याबद्दल कठोर ताशेरे ओढले. दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास २०१५ पासून नियमानेच मनाई आहे. कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाबाबत पॉक्सो, म्हणजे अशा गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा किंवा शेजार यांपैकी ओळख पटवणारे काहीही देता येत नाही. चेहरा धूसर करूनही मागे शाळेची पाटी, गल्लीच्या तोंडाशी असलेले दुकान किंवा आईचा आवाज राहून जातो, म्हणून फीड, म्हणजे केलेले चित्रीकरण, कार्यालयाला पाठवण्यापूर्वी कॅमेरामनसोबत प्रत्येक दृश्य एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून पाहावे.