हद्दपार राजाचं घर कसं उभं करायचं (नाटक लिहिणाऱ्या पोट्ट्यांसाठी)

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू होतात अन् गावोगावी रातभर नाटकं. दरवर्षी दोन-तीन पोट्टे येतात, दादा ऐतिहासिक लिहायचं आहे, राजाला राज्यातून काढलं त्याच्यावर. लिहून आणतात तेव्हा पहिल्या अंकात लढाई, दुसऱ्यात लढाई, तिसऱ्यात राजा मोठं भाषण करून मरतो. मला वाटते खरं नाटक लढाई संपल्यावर सुरू होते, दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी कोण तापवणार तिथून.

सगळ्यात आधी एक वही घ्या अन् पानाच्या मधात रेघ मारा. डावीकडे जे पक्कं माहीत आहे ते, उजवीकडे तुमच्या मनातलं. दोन्ही मिसळू नका, कारण आपल्याकडे माणूस नाटकात पाहिलेलं पोराबाळांना इतिहास म्हणून सांगतो.

मंग वयं लिहा. वर्षागणिक, घरातल्या प्रत्येकाचं. हे काम कंटाळवाणं वाटते पण अर्धं नाटक इथंच सापडते. ब्रह्मदेशचा थिबा राजा घ्या. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडालेतून उचलला तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा, दोन लहान पोरी, राणी सुपयालत पोटुशी. तिसरी पोरगी मद्रासला झाली, चौथी रत्नागिरीला. म्हणजे दोघींनी बापाचं सिंहासन पाहिलंच नाही, त्यांच्यासाठी राज्य म्हणजे आई सांगते ती गोष्ट. रत्नागिरीचा तो थिबा पॅलेस बांधून झाला १९१० मध्ये, तोवर दुसऱ्यांच्या बंगल्यात दिवस काढले, अन् राजा १९१६ मध्ये तिथंच गेला. तेव्हा थोरली ३६ वर्षांची होती, बिनलग्नाची, कारण बापाच्या नजरेत जोडीचा राजघराण्यातला मुलगा मिळालाच नाही. आता सांगा, त्या घरात रोज संध्याकाळी चार पोरी अन् मायबाप समोरासमोर बसत असतील तर कोणता विषय कोणीच काढत नसेल? तो न निघणारा विषय म्हणजे तुमचा दुसरा अंक. थोरली पुढं ब्रह्मदेशात जाऊनही रत्नागिरीला परत आली अन् तिची लेक तिथंच मराठी बोलत वाढली. म्हणून पात्रांची भाषा ठरवताना मायबापाची वेगळी, नोकरांची वेगळी अन् पोरींची खिचडी ठेवा, सगळ्यांच्या तोंडी एकच राजदरबारी मराठी घालू नका.

त्याच्यानंतर पैसा. दुसरा बाजीराव १८१८ च्या एप्रिलमध्ये आपल्या पांढरकवड्याजवळ सिवनीला हरला, जूनमध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला अन् वर्षाला ८ लाखांच्या पेन्शनवर गंगेकाठी बिठूरला जाऊन राहिला. ८ लाख ऐकून राजेशाही वाटते, पण त्याच्या मागं देशावरून गेलेली माणसंच माणसं, सगळ्यांची चूल त्या एका पैशावर. १८५१ मध्ये तो वारला अन् दत्तक नानासाहेबाला इंग्रजांनी पेन्शन नाकारली. लिहायचं असेल तर त्या महिन्याचा कोठीघराचा हिशोब लिहा, कोणाचा शिधा आधी बंद करायचा, म्हाताऱ्या भटजीचा की घोड्याचा. थिबाच्या घरी दागिने विकायची वेळ आली, मंग सोनाराकडे पुडी घेऊन कोण गेलं असेल? आपल्याकडे नापिकी झाली की बाई गळ्यातली एकदाणी मोडायला गावच्या सोनाराकडे जात नाही, दोन गावं सोडून जाते. राणीच्या माणसाच्या पायात तेच चालणं द्या, प्रेक्षकाला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आता आपल्या घरची गोष्ट, नागपूरची. आप्पासाहेब भोसले १८१७ ला सीताबर्डीत हरला, पुढच्या वर्षी इंग्रजांनी पकडून अलाहाबादकडे चालवला तर वाटेत शिपायाचा वेष करून निसटला. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्याला आसरा दिला, तिथून बुऱ्हाणपूरजवळचा अशीरगड किल्ला, मंग पंजाब, शेवटी जोधपूर, अन् १८४० मध्ये तिथंच मेला. २२ वर्षं. बहुतेक जण वेषांतर अन् डोंगर एवढंच लिहितात, कारण ते स्टेजवर भारी दिसते. पण जोधपूरच्या वर्षांचा विचार करा ना. (हे उजव्या पानावर.) भाताच्या मुलखातला माणूस बाजरीच्या भाकरीवर आला, अश्विनात तिकडे धान लोंबीवर आलं असेल हे त्याला आठवते, अन् दुसऱ्या राजाच्या दयेवर राहायचं म्हणून तोंडातून तक्रार काढता येत नाही. पाहुणा म्हणून किती वर्षं राहता येते?

अन् जे मागं राहिले त्यांना विसरू नका, मी तर म्हणेन नाटक त्यांचंच करा. आप्पासाहेबाच्या जागी दहा वर्षांच्या पोराला, तिसऱ्या रघुजीला, गादीवर बसवलं अन् त्याच्या नावानं दुसऱ्या रघुजीची विधवा बाकाबाई कारभार पाहू लागली, वर इंग्रजांचा दरबारातला वकील, रेसिडेंट जेंकिन्स. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत (मिरवून जाळायचा पुतळा) निघते ती बाकाबाईचीच असं लोक सांगतात, इंग्रजांना मिळाली म्हणून. मारबतीची परंपरा आपली आहे, तिचा मान ठेवू, पण लेखकानं त्या बाईच्या माजघरात एकदा तरी जाऊन बसलं पाहिजे. नवरा गेलेला, हातात हा लहान नातू रघुजी, दारात पलटण. १८५३ मध्ये तो रघुजीही मुलगा नसताना वारला, १८५४ ला राज्य खालसा झालं, अन् वाड्यातल्या वस्तू, जनावरं लिलावात गेली. बाकाबाई तेव्हा जिवंत होती. म्हणजे ती कुठंच गेली नाही, घर तिच्या भोवतालून निघून गेलं, ही पण हद्दपारीच झाली बाप्पा. लिलावाच्या दिवशी हत्तीला नेताना माहुतानं वाड्याकडे पाहिलं का नाही, हा एक प्रसंग नीट लिहिला तरी पुरे.

बारीकसारीक गोष्टी कुठून आणायच्या म्हणाल तर पुस्तकापेक्षा माणसं विचारा. माझ्या मावशीचं गाव धरणात गेलं. नव्या वस्तीत तिनं जुन्या तुळशीची माती नेली, खाट जुन्या घरी जशी होती त्याच दिशेला टाकली, मंग तिथं दार मधात येत होतं तरी हलवली नाही, अन् पंधरा वर्षं झाली तरी "गावाला जाऊन येतो" असं म्हणते, जिथं आता पाणी आहे. मी तिला राजाचं विचारलं तर म्हणाली त्याला झोप कुठल्या कुशीवर येत असेल. माझ्या चार महिन्यांच्या वाचनात मला असा प्रश्न सुचला नव्हता. तुमच्या आसपास अशी माणसं आहेत, जाऊन बसा, चहा घ्या, लगेच वही काढू नका.

पहारा ठेवाच पण ओरडणारा गोरा साहेब नको. रोज हजेरी घेणारा साधा शिपाई ठेवा, जो दहा वर्षांत त्या घरचाच होऊन जातो अन् तरी पत्र उघडून वाचतो.

मधात गाणी लागतातच आपल्याकडे, प्रेक्षक ऐकत नाही. ती राजाला देऊ नका, स्वयंपाकिणीला द्या, ती गावाकडची ओवी म्हणेल अन् आतल्या खोलीत कोणीतरी हातातलं काम थांबवून ऐकेल.

शेवटी राजा परत येतो असं करू नका, कितीही टाळ्या मिळत असल्या तरी. थिबाला मेल्यावरही मायदेशी नेऊ दिलं नाही, कबर रत्नागिरीलाच आहे. लिहून झालं की तालमीच्या आधी गावातल्या दोन म्हाताऱ्यांना पूर्ण वाचून दाखवा, अन् त्या कुठं बोलायच्या थांबल्या तेवढं वहीत लिहून ठेवा.