सहामाहीत ४१ मार्क, आणि त्याच सरांकडे मागितलेलं शिफारसपत्र

फिजिक्सच्या सहामाहीत मला १०० पैकी ४१ मिळाले. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जासाठी ज्यांचं एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, मला हवं होतं, तेही फिजिक्सचेच सर. पेपर हातात पडल्यावर मी पाच आठवडे त्यांना टाळलं. ते जिन्यावर दिसले की मी मागे फिरायचे. १ नोव्हेंबरची अर्ली डेडलाइन, म्हणजे लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत, दहा दिवसांवर आली, तेव्हा स्टाफरूमच्या दारात, दोन मॅडम समोर बसलेल्या असताना, मी एका दमात विचारून टाकलं, "सर, माझं एलओआर द्याल ना?"

सर म्हणाले, "हो, देतो की."

मला वाटलं, सुटले. खरं तर तिथेच अडकले होते. तुम्हीही नेमके इथेच अडकाल अशी मला भीती वाटते, म्हणून बाकीचं थोडक्यात आटपून हे नीट सांगते.

"द्याल ना?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तरच नसतं. चारचौघांत तर नसतंच. शिक्षकांनाही विद्यार्थ्याच्या तोंडावर नकार देणं जड जातं. त्यामुळे त्यांच्या "हो"चा अर्थ "फॉर्म भरून देतो" एवढाच असू शकतो. "तुझ्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे खूप आहे" हा अर्थ आपण आपल्या मनाने जोडतो. शिवाय पत्रात काय लिहिलंय ते तुम्हाला दिसत नाही. अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून ऑनलाइन अर्ज पाठवायच्या कॉमन अ‍ॅपमध्ये १९७४ च्या फर्पा या अमेरिकन कायद्याखाली (तो विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहायचा हक्क देतो) पत्र पाहायचा हक्क सोडायचा की ठेवायचा हे विचारतात. बहुतेक जण तो सोडतात आणि सोडावाच, कारण विद्यार्थी वाचणार नाही हे माहीत असलेल्या पत्रावर कॉलेजांचा जास्त भरवसा असतो. पण म्हणजे कोमट पत्र गेलं तर ते तुम्हाला कळतही नाही.

कोमट पत्र वाईट दिसत नाही. "मेहनती, शांत, नियमित" असं त्यात असतं, आणि ते कुणाच्याही नावाने चालेल. पत्रासोबत शिक्षकांना एक तक्ताही भरायचा असतो. त्यात वर्गातली चर्चा, लेखनाचा दर्जा, अपयशाला तोंड देण्याची पद्धत अशा बाबींवर "सरासरीपेक्षा कमी" पासून "कारकिर्दीत पाहिलेल्या मोजक्यांपैकी" पर्यंत खुणा करायच्या असतात. अपयशाची ओळ पुन्हा वाचा. ४१ मार्क मिळवलेल्या मुलीबद्दल सरांना तिथे खरंच काही सांगता आलं असतं. पण पाच आठवडे मी जिन्यावरून पळत होते, तर ते काय बघून लिहिणार?

त्या वर्षी सगळीकडून नकार आले. ते पत्रामुळेच आले असं मी म्हणत नाही. मार्कही होतेच. वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करायचं ठरवलं आणि सरांना भेटले, तेव्हा त्यांनीच सांगितलं, "मागच्या वेळी माझ्याकडे लिहायला काहीच नव्हतं गं. पण तू असं विचारलंस की नाही म्हणता येईना." त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा असं विचारा, आणि शक्यतो ईमेलवर, म्हणजे त्यांना विचार करायला वेळ मिळेल: "सर, सहामाहीत मला ४१ होते हे तुम्हाला माहीत आहे. ते धरूनही माझ्याबद्दल मनापासून, ठोस असं लिहिता येईल का? नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या शिक्षकांना विचारेन." मार्कांचा उल्लेख तुम्हीच आधी करा. तो आकडा त्यांनी स्वतः पेपरवर लिहिलेला असतो, त्यामुळे तो लपवण्यात काही अर्थ नाही. डेडलाइनच्या किमान चार-सहा आठवडे आधी विचारा. उत्तर "बघू" असं आलं, तर ते नाहीच समजा आणि आभार मानून दुसरीकडे वळा. नकार ऐकून रडू येईल. येऊ दे. कोमट पत्रापेक्षा तो नकार तुमच्या जास्त उपयोगाचा आहे.

मार्क का पडले याची रडकथा शिक्षकांच्या पत्रात घालायला सांगू नका. आजारपण किंवा घरची अडचण खरंच असेल, तर ती शाळेच्या काउन्सेलरच्या पत्रात किंवा अर्जातल्या जादा माहितीच्या रकान्यात दोन-तीन वाक्यांत मांडा. शिक्षकांनी वर्गात जे पाहिलं तेच लिहावं. त्यांना अर्ध्या पानावर आठवणी द्या. कुठला प्रयोग फसला, तो पुन्हा कसा केला, कुठली शंका घेऊन तुम्ही तीनदा गेलात, असं.

कुठल्या शिक्षकांना विचारायचं? ज्यांनी तुम्हाला धडपडताना पाहिलंय त्यांना. जिथे ९५ मिळाले पण सरांना तुमचं नावही आठवत नाही, तो विषय सोडा. मोठ्या हुद्द्याचं पत्र आणा असं सांगणाऱ्या सल्लागारांवर माझा अजिबात विश्वास नाही. मुख्याध्यापकांनी तुम्हाला कधी शिकवलंच नसेल तर ते लिहिणार काय? कॉलेजची अट मात्र आधी वाचा. एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं आणि दुसरं भाषा, मानव्यशास्त्र किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकांचं लागतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर अर्जासोबत पत्रं मागतच नाही.

"तूच लिहून आण, मी सही करतो" असं कुणी म्हटलं तर हात जोडा आणि आठवणींचा कागद पुढे करा. शिक्षकांच्या नावाने खोटा ईमेल उघडून पत्र स्वतःच अपलोड करणं ही सरळ फसवणूक आहे. उघडकीला आली तर मिळालेला प्रवेशही जातो. वेळ नाही, सर ऐकत नाहीत, यातलं कुठलंही कारण त्याला पुरणार नाही.

आणि आकड्याने खचू नका, खरंच. एका पेपरवरून शिक्षक तुम्हाला मोजत नाहीत. पेपर हातात पडल्यावर त्याच आठवड्यात तो घेऊन जा आणि "सर, माझं कुठे चुकतंय?" एवढंच विचारा. एलओआरचा विषय त्या दिवशी काढूच नका. मी हे वर्षभर उशिरा केलं. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत पुन्हा सोडवला, शेजारी चूक कुठे झाली ते लिहिलं, आणि दर शनिवारी वही सरांना दाखवली. तीन महिन्यांनी वरच्यासारखा ईमेल पाठवला. चार दिवस उत्तर नव्हतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पाचव्या दिवशी आलं: "हो, लिहितो. ती वही दोन दिवस माझ्याकडे ठेव."