पुण्याहून चेन्नई ट्रॅक डे : ब्रेकची तयारी

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक पुण्यातून जाणाऱ्याच एनएच 48 वर आहे, त्यामुळे बरेच जण गाडी ट्रेलरवर न टाकता चालवत नेतात, म्हणजे ब्रेक पॅड निवडताना जायचा-यायचा हायवे पण धरायचा. फुल रेसिंग पॅड घेऊ नका राव, ते गरम झाल्याशिवाय नीट पकडतच नाहीत आणि सकाळी सकाळी टोलनाक्यावर पुढचा ट्रक थांबला की घाम फुटतो, वर किंचाळतात, डिस्क खातात ते वेगळंच. फेरोडो डीएस 2500 सारखे मधले पॅड बघा. कार्बन सिरॅमिक डिस्क असेल तर मात्र तिच्यासाठीचेच पॅड.

पण बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी ब्रेक फ्लुइड. 200 च्या स्पीडला गाडीत 100 च्या चौपट एनर्जी असते, ब्रेक मारला की ती बहुतेक डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होते, आणि त्यातली काही कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि त्यातल्या फ्लुइडपर्यंत पोचते. डॉट 4 या फ्लुइडच्या ग्रेडचं उकळायचं तापमान स्टँडर्डप्रमाणे कोरड्याला किमान 230 डिग्री आणि पाणी शोषलेल्याला फक्त 155, आणि फ्लुइड हवेतला दमटपणा ओढतच असतं, आपल्याकडे दोन पावसाळे काढलेल्या फ्लुइडवर ट्रॅकला जायचं म्हणजे कमालच. मोटुल आरबीएफ 600 कोरडं असताना 312 पर्यंत टिकतं. डबा सीलबंदच घ्या, गॅरेजमधला अर्धा उघडा नको, आणि डॉट 5 अजिबात नको, ते सिलिकॉनचं असतं. ब्लीड करताना (लाइनमधली हवा आणि जुनं फ्लुइड काढताना) पेंटवर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग उडतो.

नवीन पॅड टाकले की बेडिंग (पॅड डिस्कवर बसवून घेणं) निघायच्या आधीच उरकायचं, खोक्यावर लिहिलंय तसं, मोकळ्या रस्त्यावर. पॅड निम्म्याच्या खाली आले असतील तर नेऊच नका, पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनला जास्त लागते.

ट्रॅकवर पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाहीये तर पॅड जास्त तापून पकड गेलीय, पेडल मऊ पडून खाली जातंय तर फ्लुइड उकळलंय, दुसऱ्या केसमध्ये पेडल दोन-तीनदा पटापट पंप करा आणि हळू हळू आत या. शेवटचा लॅप ब्रेक न वापरता थंड करत काढा, पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. परत निघायच्या आधी चाकं काढून चारही चाकांचे पॅड बघा, जुना सेट डिकीत असू द्या.