सामाईक कुंपणाची झुडपं छाटताना या चुका टाळा

पावसाळा सरता सरता दोन बंगल्यांमधलं मेंदीचं नाहीतर ड्युरांटाचं कुंपण पार अंगावर येतं. मग एका रविवारी कोयता निघतो आणि संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांशी बोलणं बंद होतं.

पहिली चूक तीच, न सांगता छाटणं. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत कापता येतात, त्यापलीकडे हात घालायचा नाही. "काका, रविवारी मेंदी कापतोय, तुमच्या बाजूचीही काढू का?" एवढं विचारलं की बरेचदा काकाच शिडी धरायला येतात. झुडपाचं एव्हाना झाड झालं असेल तर मात्र काकांची संमती पुरत नाही. शहरात झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे, तेव्हा आधी पालिकेच्या उद्यान विभागात विचारा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सरसकट बोडकं करण्यानं. जुनं कुंपण हातानं फाकवून आत बघा. पानं फक्त बाहेरच्या वीतभर थरात, आत नुसत्या काटक्या. मेंदी, ड्युरांटा, जास्वंद खोलवर कापली तरी पुन्हा फुटतात. मोरपंखीचं तसं नाही. तपकिरी काटकीपर्यंत कापलीत तर तिथं परत हिरवं येत नाही, खिंडार कायमचं राहतं. तिची छाटणी हिरव्या भागातच थांबवा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात कुठलंच कुंपण खोलवर छाटू नका.

वर दाट आणि खाली विरळ, अशी तक्रार असेल तर दोष आकाराचा आहे. माथा रुंद ठेवला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही. पायथा रुंद, माथा निमुळता हवा. माळी सवयीनं उभी सरळ भिंत कापून ठेवतात, त्यांना समोर उभं राहून सांगावं लागतं.

आपण काय कापतोय हे न बघणं ही चूक दवाखान्यात नेऊ शकते. कोकणात गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, शेर हे चिकाचं झुडूप असतं. त्याचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालाच. कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. तिचा पाला शेळ्यांपुढे टाकू नका, जाळूही नका.

छाटलेला ढीग शेजाऱ्यांच्या भिंतीला लावून ठेवणं म्हणजे भांडणाला आवतण. ओल्या मातीत मेंदीच्या काड्या रुजतात, ढिगात साप येऊन बसतात. घंटागाडी फांद्या घेईलच असं नाही, तेव्हा त्या कुठं जाणार हे कोयता हातात घेण्याआधीच ठरवा.